सायकल मिळाली, मिस्त्री कुठाय?

आमच्या नारायणगडाच्या पंचक्रोशीत सकाळी शाळेच्या वेळेला रस्त्यावर उभं राहा. गडाखालच्या वाड्या-वस्त्यांवरून पोरी शाळेला निघालेल्या दिसतील. काही पायी, काही रिक्षात कोंबलेल्या, काही सायकलवर. सायकलवरच्या पोरी जरा नीट बघा. एकीचं मागचं चाक डुलतंय, एकीचा ब्रेक नावालाच आहे, एक जण चेन उतरली म्हणून सायकल हाताने ढकलत चाललीय. आणि ही सायकल काही आजोबांच्या काळातली नाही. वर्ष-दीड वर्षाचीच आहे.

सरकारनं पैसे दिले. बापानं वर थोडे घातले. दुकानदारानं पावती दिली. ज्यानं त्यानं आपापलं काम केलं. मग बिघडलं कुठं?

माझं म्हणणं असं आहे की बिघडलं ते दुकानात. सायकलच्या दुकानात फक्त सायकल विकली जात नव्हती, तिच्यासोबत एक विद्या दिली जात होती. ती विद्या गेली आणि दुकान तेवढं उरलं. हे समजून घ्यायला थोडं मागं जावं लागेल. पार १८८८ सालापर्यंत.

किर्लोस्कर म्हटलं की आपल्या शेतकऱ्याला नांगर आठवतो, पंप आठवतो. पण त्या सगळ्याच्या आधी बेळगावात एक सायकलचं दुकान होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला मुंबईला जे. जे. मध्ये गेले. तिथं लक्षात आलं की आपल्याला सगळे रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकला सुटली. मग यंत्रांची रेखाटनं करायला शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. त्या काळात सायकल म्हणजे साहेब लोकांचं आणि पैसेवाल्यांचं वाहन. लक्ष्मणराव ती चालवायला शिकले, आणि थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासोबत बेळगावात सायकलींचा धंदा सुरू केला. किर्लोस्कर उद्योगाचं स्थापनेचं वर्ष म्हणून १८८८ धरतात ते या दुकानावरून.

आता मुद्द्याची गोष्ट. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे. तिकडे रामूअण्णा त्या विकायचे. पण विकायचे म्हणजे नुसते पैसे घेऊन सायकल हातात द्यायचे असं नाही. गिऱ्हाइकाला सायकल चालवायला शिकवायचे. दुरुस्तीही तिथंच. विचार करा, बहुतेकांनी जी वस्तू जवळून पाहिलीसुद्धा नाही, ती वस्तू खपवायची तर शिकवल्याशिवाय कशी खपेल? म्हणजे महाराष्ट्राच्या उद्योगातलं एवढं मोठं घराणं उभं राहिलं त्याचा पाया हा होता: गिऱ्हाइकाला वस्तू द्यायच्या आधी तिचं ज्ञान द्या. दुकान ज्या रस्त्यावर होतं तो रस्ता आजही बेळगावात किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

पुढे नोकरीत लक्ष्मणरावांची बढती डावलली गेली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. सायकलवरून कडबा कापायच्या यंत्राकडे वळले, मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर आला. लोखंडानं जमीन नासते असं म्हणत शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. तिथंही काम तेच, वस्तूसोबत समजूतही द्यायची. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तो इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

१८८८ सालाची आणखी एक आठवण ठेवण्यासारखी आहे. त्याच वर्षी जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्याआधी सायकलचं रबर भरीव असायचं. हवेचा टायर आला आणि त्याच्या मागोमाग पंक्चर आलं. म्हणजे पंक्चर काढणारा माणूस हा त्या काळातल्या अगदी नव्या तंत्रज्ञानाचा जाणकार होता. आज 'पंक्चरवाला' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात, एखाद्या समाजाला हिणवायला वापरतात. वापरणाऱ्यांना हा इतिहास माहीत नसतो.

बाहेरच्या जगातली दोन उदाहरणं सांगतो, कारण ती थेट दुकानातल्या वागणुकीशी जोडलेली आहेत.

पहिलं चेक लोकांच्या देशातलं, जो तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. म्लादा बोलेस्लाव नावाच्या गावात व्हाक्लाव क्लेमेंट हे पुस्तकविक्रेते होते. त्यांची जर्मन बनावटीची सायकल बिघडली. त्यांनी कंपनीच्या शाखेला आपल्या मातृभाषेत, चेकमध्ये, तक्रारीचं पत्र लिहिलं. जर्मनमधून उत्तर आलं, त्याचा मतलब एवढाच की आम्हाला कळेल अशा भाषेत लिहा. क्लेमेंट यांना ते लागलं. त्यांनी व्हाक्लाव लॉरिन या मेकॅनिकला सोबत घेतलं आणि १८९५ मध्ये सायकल दुरुस्तीचं आणि बांधणीचं आपलंच दुकान काढलं. त्या दुकानाची पुढे झाली मोटार कंपनी, आजची स्कोडा. हीच स्कोडा २००१ पासून आपल्या मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात गाड्या जोडायला लागली. एका गिऱ्हाइकाला नीट उत्तर दिलं नाही, त्यातून एवढं घडलं.

दुसरं अमेरिकेतल्या राइट बंधूंचं. १८९२ मध्ये डेटन गावात त्यांनी सायकलचं दुकान काढलं. विक्री, भाडं, दुरुस्ती, मग स्वतःच्या बनावटीच्या सायकली. तोल, वजन, चेन, चाक यांचं जे ज्ञान हाताला लागलं ते घेऊन १७ डिसेंबर १९०३ ला विमान उडवलं. त्या विमानाचे पंखे फिरायचे तेही चेनवर. आपल्याकडे किर्लोस्करांचा नांगर त्याच १९०३ सालचा. दोन्हीकडची सुरुवात सायकलच्या दुकानातून.

आता आपल्या भागात येऊ.

बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. रस्ते कमी, गाड्या त्याहून कमी. सायकली यायच्या त्या विलायती, रॅले, हर्क्युलिस, ज्यांना परवडायच्या त्यांच्याकडे. स्वातंत्र्यानंतर देशातच कारखाने निघाले. १९४९ मध्ये मद्रासची टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतची अॅटलस, १९५६ मध्ये लुधियानाची हिरो. हिरो तर १९८६ मध्ये जगात सगळ्यात जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनीज बुकात गेली. आता सायकल मास्तरांकडे आली, पोस्टमनकडे आली, दूधवाल्याकडे आली, आमच्या पेपरचे गठ्ठे वाटणाऱ्या पोराकडे आली. लग्नात जावयाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल, असा तो जमाना.

पण लक्षात घ्या, ही सायकल कारखान्यातून तयार होऊन येत नव्हती. फ्रेम वेगळी, रिमा वेगळ्या, तारांचे जुडगे वेगळे, हब, चिमटा, चेन सगळं सुटं. सायकल तयार व्हायची ती तालुक्याच्या दुकानात, मिस्त्रीच्या हातात. एकाच कंपनीच्या दोन सायकली, पण एक फिटिंग करणाऱ्यामुळे वीस वर्षं चालायची आणि दुसरी दोन वर्षांत खुळखुळा व्हायची. म्हणून लोक कंपनीच्या आधी विचारायचे, "फिटिंग कुणाच्या हातची हाय?"

मिस्त्रीला काय काय येत होतं ते एकदा मांडतो, कारण ही विद्या कुठल्या पुस्तकात शिकवत नव्हते. जुन्या काळ्या सायकलच्या पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. कारण वजन मागे पडतं. प्रत्येक तारेचा ताण सारखा पाहिजे, एक ढिली राहिली की शेजारच्या दोन तुटतात. चाक फिरवून, रिमला अंगठा किंवा खडू लावून, कुठं आऊट आहे ते बघायचं आणि तारेची निप्पल पाव-अर्धा आटा फिरवून चाक सरळ आणायचं. तारा बोटानं छेडून आवाजावरून ताण ओळखणारे मिस्त्री होते. पुढच्या हबात एका बाजूला १० छर्रे, मागच्या हबात ९, तेही मोठ्या मापाचे. कोन इतका आवळायचा की चाक हलायला नको आणि अडायलाही नको. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, म्हणजे नेहमीच्या दिशेनं जोर लावला की आटाच मरतो. नवीन पोराची पहिली परीक्षा इथंच व्हायची.

आणि पंक्चर. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात धरून बुडबुडे बघायचे, कानशीनं घासायचं, सोल्यूशन लावून ते वाळू द्यायचं. घाईत ओल्यावर पॅच चिकटवला तर संध्याकाळी निघालाच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टायरच्या आत हात फिरवून काटा अजून आत आहे का ते बघायचं. आमच्या बाभळीच्या मुलखात हे विसरून कसं चालेल? काटा तसाच ठेवून काढलेलं पंक्चर म्हणजे उद्याचं गिऱ्हाईक. चांगला मिस्त्री तो काटा गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचा.

ही विद्या टिकली ती भाड्याच्या सायकलींमुळे, असं मला वाटतं. तासावर सायकल मिळायची. मडगार्डवर रंगानं नंबर, वहीत नाव, गाव आणि वेळ. ओळखीशिवाय सायकल नाही. नळीच्या मधून पाय घालून कैची मारत आमच्या पिढीनं सायकल शिकली ती याच भाड्याच्या गाड्यांवर. यातलं अर्थकारण बघा. भाड्याची सायकल बिघडली तर नुकसान दुकानदाराचं. म्हणजे दुरुस्ती टिकाऊ करण्यात त्याचाच फायदा. त्याच हाताला सवय लागायची आणि तीच सवय बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या सायकललाही लागू व्हायची. शिवाय पैशाचा व्यवहारही माणूस बघून. ऊसतोडीला जाणारा माणूस दिवाळीनंतर कारखान्यावर जायचा, परत आल्यावर उधारी फेडायचा. दुकानदार थांबायचा.

सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. दुकानात दहा-बारा वर्षांची पोरं शाळा सोडून राबायची, पगार म्हणजे चहा आणि सणाला कपडे. वर्षानुवर्षं पाना उचलून द्यायला लावायचे आणि चाक बांधायला शिकवायचे नाहीत. काही मिस्त्री एका पंक्चरची तीन दाखवायचे. आणि त्या दुकानात बाईमाणूस मिस्त्री म्हणून कधी दिसलं नाही. विद्या होती, पण ती वाटली जायची फार हात राखून. ती टिकली नाही याचं एक कारण हेही आहे.

दुसरं कारण बाजार. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकची लुना आली. मग बजाजची एम-८०, मग मोटारसायकली. हुशार मिस्त्री तिकडं वळले, त्यात चूक काय? सायकलची ओव्हरहॉलिंग करायला अर्धा दिवस जातो आणि गिऱ्हाईक पन्नास रुपयांवर घासाघीस करतं. तेवढ्या वेळात मोटारसायकलचं इंजिन उघडलं तर घर चालतं. भाड्याच्या सायकली बंद झाल्या. ज्या अॅटलसच्या सायकलवर निम्मा देश शिकला, त्या अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता.

पण सायकल संपली का? नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती, मोटारसायकल-स्कूटर २१ टक्के घरांत. सायकल वापरणारा गरीब आहे म्हणून दिसत नाही, एवढंच.

आजचं दुकान कसं आहे? मागं एका दुकानात पुतणीसाठी सायकल बघायला गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. काऊंटरवरच्या पोराला विचारलं, सातवीतल्या मुलीला कितीची सायकल बसेल? तो म्हणाला, "कलर कोणता पाहिजे?" मी म्हणालो, उंची बघून सांगा. तो म्हणाला, "काका, हिला डिस्क ब्रेक आहे, शॉकअप आहे." डिस्क ब्रेक दाबला तर दांडी पार हँडलला टेकली. म्हणालो, हे ॲडजस्ट करून द्या. "कारागीर गुरुवारी येतो." आता त्या पोराचाही दोष नाही. त्याला कुणी शिकवलंच नाही. सायकल खोक्यातून बरीचशी जोडलेली येते, हँडल, पायडल, सीट बसवलं की झाली विक्री. चिमटा उलटा बसवलेल्या, म्हणजे पुढच्या ब्रेकचं तोंड मागं आलेल्या नव्या सायकली मी रस्त्यावर पाहिल्यात. हे दुकान राहिलं नाही, खोकं उघडायची जागा झाली.

याची किंमत कोण देतं? शाळेत जाणारी मुलगी देते.

राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, सायकलसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून ५,००० केली. योजना चांगलीच आहे. बिहारमध्ये २००६ ला अशी योजना सुरू झाली, तिचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलं-मुलींमधलं अंतर ४० टक्क्यांनी घटलं, असं त्यांना दिसलं. म्हणजे सायकल खरोखर शाळा वाचवते. पण ती चालली तर! आपल्याकडे हिशेब लागतो तो किती सायकलींचे पैसे वाटले याचा. सहा महिन्यांनी त्यातल्या किती रस्त्यावर आहेत, हे कोण मोजतं? बालाघाटाच्या उतारावर ब्रेक न लागणारी सायकल देण्यापेक्षा न दिलेली बरी, असं एखादी आई म्हणाली तर तिला काय उत्तर द्यायचं?

आणि एक गंमत बघा. १७ सप्टेंबर २०२३ ला, आपल्या मुक्तिसंग्राम दिनालाच, केंद्रानं पीएम विश्वकर्मा योजना आणली. हातानं काम करणाऱ्या कारागिरांना प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये, स्वस्त कर्ज. यादीत १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, शिंपी, चांभार, कुलूप बनवणारा, खेळणी करणारा, हार करणारा माळीसुद्धा आहे. सायकल मिस्त्री नाही. एका हातानं सरकार सायकली वाटतं आणि दुसऱ्या हातानं कारागिरांची यादी करताना सायकल दुरुस्त करणाऱ्याला विसरतं.

मागण्या फार मोठ्या नाहीत. एक, विश्वकर्माच्या यादीत सायकल मिस्त्री घाला. दोन, सायकलचे पैसे देताना नुसती पावती घेऊ नका, फिटिंग तपासल्याची आणि वर्षात दोन मोफत सर्व्हिसिंगची दुकानदाराची सही घ्या. तीन, आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक शिकवता, तर दोन-तीन महिन्यांचा सायकल दुरुस्तीचा वर्गही चालवा आणि मुलींना त्यात आधी घ्या. चार, प्रत्येक हायस्कूलला एक पंप, पान्यांचा एक संच आणि पंक्चरचं सामान द्या. हे ग्रामपंचायतीच्या पैशातूनही होईल.

आणि आपण काय करायचं? नवी सायकल घेताना रंगाच्या आधी हे बघा. पायडल एकदम खाली असताना सीटवर बसून गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. चाक उचलून फिरवा, डुलतंय का बघा. दोन्ही ब्रेक दाबा, दांडी हँडलला टेकता कामा नये. पुढचा ब्रेक चिमट्याच्या पुढच्या अंगाला आहे ना ते बघा. टायरवर हवेचा आकडा छापलेला असतो, तेवढीच हवा मारा. आणि महिन्याभरानं तारा आणि नट आवळून घ्यायला सायकल परत न्या, कारण नव्या तारा सैल पडतातच. दुकानदाराला हे विचारा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पाचव्याच्या वेळेला तो शिकून ठेवतो.

शेवटचं, मिस्त्रीला पैसे देताना घासाघीस करू नका. पंक्चरचे वीस रुपये पॅचचे नसतात, काटा शोधणाऱ्या बोटांचे असतात. त्या बोटांची किंमत आपण कधी केलीच नाही, म्हणून ती बोटं दुसऱ्या धंद्याला गेली. तुमच्या गावात चाक हातानं बांधणारा मिस्त्री अजून असेल, तर त्यांच्याकडं सुट्टीत दोन पोरं आणि दोन पोरी शिकायला पाठवा. मिस्त्रीचं वय बघून पाठवा. बहुतेक ठिकाणी वेळ थोडाच उरलाय.